वाचक विचारतात : किरणोत्सर्गी दूषण धुऊन निघते का?

गेल्या अंकात अणुवैद्यकातील तपासण्यांविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच शंकेभोवती फिरत होती : किरणोत्सर्गी द्रव्य सांडले, उडाले किंवा कशाला चिकटून बसले, तर ते काढतात कसे आणि त्यात रसायनांचा नेमका भाग किती असतो? त्यांतील काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : वडिलांच्या हाडांच्या स्कॅनसाठी पुण्यातील एका रुग्णालयात गेलो होतो. इंजेक्शन तयार करण्याच्या खोलीत औषधाचे काही थेंब सांडले. तंत्रज्ञाने ते कागदाने टिपले, साबणाच्या पाण्याने दोनदा पुसले, त्यावर प्लास्टिक अंथरले आणि ‘आता परवा उघडू’ असे म्हणून खोलीला कुलूप लावले. हा हलगर्जीपणा नव्हे काय? एखादे जोरदार आम्ल वापरून जागा तेव्हाच स्वच्छ का केली नाही? — एक वाचक, कोथरूड

हा हलगर्जीपणा नव्हता. उलट, आपण वर्णन केलेला क्रम नियमाला धरूनच आहे. हाडांच्या स्कॅनसाठी सामान्यतः टेक्नेशियम-९९एम वापरतात आणि त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे असते. दर सहा तासांनी त्याची क्रियाशीलता निम्मी होत जाते, म्हणजे ४८ तासांनी ती मुळाच्या २५६ व्या भागावर आणि ६० तासांनी १०२४ व्या भागावर येते. जे काम कुलूप आणि घड्याळ बिनबोभाट करतात, त्यासाठी माणसाने तिथे वाकून घासत बसणे म्हणजे विनाकारण किरणोत्सर्गाची मात्रा अंगावर घेणे होय.

येथे एक मूलभूत गोष्ट स्पष्ट करावी लागेल. कापडावरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की फिका पडतो, कारण रंग देणारा रेणूच मोडतो. किरणोत्सर्गाचे तसे नसते. किरणोत्सर्ग अणूच्या केंद्रकातून होतो आणि रासायनिक क्रिया केंद्रकाबाहेरच्या इलेक्ट्रॉनांपुरत्या मर्यादित असतात. त्यामुळे आम्ल, अल्कली, ब्लीच यांपैकी काहीही ओतले तरी किरणोत्सर्गी अणू किरणोत्सर्गीच राहतो. रसायनाच्या हातात एवढेच असते, की तो अणू पृष्ठभागावरून सुटावा आणि आपण ठरवलेल्या जागी जावा.

आम्लाचा आग्रह तर काही वेळा घातक ठरतो. थायरॉइडच्या उपचारात वापरले जाणारे आयोडीन-१३१ बहुधा सोडियम आयोडाइडच्या स्वरूपात असते. ते सांडल्यावर त्यावर आम्ल किंवा ब्लीच ओतले, तर आयोडाइडचे ऑक्सिडीकरण होऊन बाष्पनशील आयोडीन तयार होते आणि जमिनीवर असलेले दूषण श्वासावाटे थेट थायरॉइडपर्यंत जाऊ शकते. म्हणून तेथे द्रावण अल्कधर्मी ठेवून सोडियम थायोसल्फेट वापरतात, जे आयोडीनला आयोडाइड अवस्थेतच धरून ठेवते. शिवाय न्हाणीघरात वापरतो त्या हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइडने स्टेनलेस स्टीलवर बारीक खड्डे पडतात, आणि एकदा खड्डे पडले की पुढचे दूषण त्यांत जाऊन बसते.

पुसण्याची पद्धतही पाहण्यासारखी असते. कडेकडून मध्याकडे पुसत जायचे, दर वेळी नवा कागद घ्यायचा आणि शेवटी कोरडा कागद फिरवून तो मोजणी यंत्रात ठेवायचा. कागदावर जे येते ते ‘निघणारे’ दूषण, आणि कागद स्वच्छ येऊनही यंत्र जागेवर जे दाखवते ते ‘बसलेले’ दूषण. किरणोत्सर्गी मालाच्या वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पुसून निघणाऱ्या दूषणाची मर्यादा बीटा आणि गॅमा किरण सोडणाऱ्या द्रव्यांसाठी दर चौरस सेंटिमीटरला ४ बेक्वेरेल (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन) आणि बहुतेक अल्फा द्रव्यांसाठी ०.४ बेक्वेरेल अशी आहे. अल्फा द्रव्ये पोटात किंवा फुप्फुसात गेल्यास फार अधिक हानी करतात, म्हणून हा दहापटीचा फरक.

प्रश्न : अणुभट्टीच्या नळ्या धुण्यासाठी सायट्रिक आम्ल, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि ईडीटीए वापरतात, असे वर्गात सांगितले गेले. लिंबू, व्हिटॅमिन सी आणि आमच्या अनुमापनातला ईडीटीए एवढ्यावर अणुभट्टी कशी धुतली जाते? — एम.एस्सी.चा विद्यार्थी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ

अणुभट्टीत धुवायचे असते ते मुख्यतः नळ्यांच्या आतल्या अंगावर जमलेले ऑक्साइडचे पातळ पटल, आणि आपला प्रश्न त्या पटलापासूनच सुरू करायला हवा. भारतातील जड पाण्याच्या, म्हणजे साध्या हायड्रोजनाऐवजी ड्यूटेरियम असलेल्या पाण्याच्या, अणुभट्ट्यांमध्ये (तारापूरचे तिसरे आणि चौथे एकक याच जातीचे आहे) शीतकाची, म्हणजे गाभ्यातील उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याची, पुष्कळशी नळयोजना कार्बन स्टीलची असते. तीनशे अंशांच्या जवळपास तापलेल्या पाण्यात तिच्यावर मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचे, पटल चढते. दुसरीकडे, पोलादातील अशुद्धी म्हणून किंवा झडपांच्या कठीण मिश्रधातूंमध्ये घटक म्हणून असलेला साधा कोबाल्ट-५९ झिजून पाण्यात येतो, गाभ्यातून जाताना न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट-६० होतो आणि फिरत फिरत त्याच मॅग्नेटाइटच्या स्फटिकजालात लोहाच्या जागी बसतो. त्याचे अर्धायुष्य ५.२७ वर्षांचे आणि त्याचे दोन गॅमा किरण १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. कुलूप लावून वाट पाहण्याचा मार्ग येथे बंद होतो, कारण दुरुस्तीचे कामगार त्या नळ्यांजवळ याच वर्षी जाणार असतात आणि त्यांची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत ठेवण्याचे बंधन असते.

कोबाल्ट स्फटिकाच्या आत असल्यामुळे पाणी किंवा साबण त्याला हात लावू शकत नाही. पटलच विरघळवावे लागते. आपण म्हणता त्या तीन द्रव्यांची कामे येथे वेगवेगळी आहेत. आम्लातील प्रोटॉन लोह आणि ऑक्सिजन यांच्यामधील बंध सैल करतात. ॲस्कॉर्बिक आम्ल हे क्षपणकारक असल्याने ते पृष्ठभागावरील त्रिसंयुजी लोहाचे द्विसंयुजी लोहात रूपांतर करते, आणि हा आयन जालातून कितीतरी सहज सुटतो. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील कळीची पायरी हीच आहे, जरी पाठ्यपुस्तके ईडीटीएचाच बडेजाव करतात. ईडीटीए सुटलेल्या लोहाला आणि कोबाल्टला वेढून द्रावणात धरून ठेवते, नाहीतर ते दुसरीकडे जाऊन पुन्हा अवक्षेपित झाले असते. सायट्रिक आम्ल सामू टिकवण्यास आणि आयनांना धरून ठेवण्यास असा दोन्हीकडे हातभार लावते.

आता प्रमाणाचा विचार करा, म्हणजे या पद्धतीची खरी हुशारी दिसेल. भोसरी-चिंचवडच्या फॅब्रिकेशन कारखान्यांत पिकलिंगसाठी, म्हणजे धातूवरचा गंज व पापुद्रा काढण्यासाठी, आम्लाची जी तीव्र द्रावणे वापरतात, तशी येथे वापरली तर पटलाखालचा धातूही खाल्ला जाईल आणि हजारो लिटर किरणोत्सर्गी आम्ल हाती उरेल. म्हणून द्रव्ये लिटरला एक ग्रॅमच्या आसपास, एवढ्या विरळ प्रमाणात, सुमारे ८५ ते ९० अंश तापमानाला फिरत्या पाण्यातच सोडतात. हे द्रावण वाटेत धनायन-विनिमय रेझिनच्या स्तंभातून जाते; रेझिन लोह आणि कोबाल्ट पकडून ठेवते, बदल्यात प्रोटॉन देते आणि मोकळे झालेले ईडीटीए पुन्हा नळीकडे कामाला जाते. तेच थोडेसे द्रव्य अनेकदा वापरले जात असल्याने एवढे विरळ द्रावण पुरते. काम संपले की दुसऱ्या, ऋणायन पकडणाऱ्या रेझिनवर ईडीटीए आणि सायट्रेट काढून घेतात आणि उरते ते जवळपास मूळचेच पाणी.

कॅनडात विकसित झालेल्या या प्रकारात इंधन आत असताना आणि महागडे जड पाणी बाहेर न काढता धुणे शक्य झाले. रेझिनमधील साध्या हायड्रोजनाने जड पाणी पातळ होऊ नये म्हणून रेझिनला आधी ड्यूटेरियमयुक्त करून घ्यावे लागते, हा बारकावा परीक्षेत कोणी विचारणार नाही, पण प्रत्यक्षात त्यावर पुष्कळ पैसे अवलंबून असतात. आपल्याकडे या विषयाचे बरेचसे काम भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कल्पाक्कम येथील जल व बाष्प रसायनशास्त्र विभागात झाले आहे आणि ईडीटीएऐवजी त्याच प्रकारचे काम करणारे एनटीए असलेली मिश्रणेही तेथे विकसित झाली आहेत.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत मात्र हे त्रिकूट पुरेसे पडत नाही. त्याच्यावरच्या पटलात क्रोमियम भरपूर असते, आणि त्रिसंयुजी क्रोमियमचे ऑक्साइड क्षपणाला किंवा चिलेटिंग द्रव्याला (ईडीटीएसारख्या, धातूच्या आयनाला वेढून धरणाऱ्या द्रव्याला) दाद देत नाही. तेथे उलटा मार्ग धरावा लागतो : आधी पोटॅशियम परमँगनेटसारख्या ऑक्सिडीकारकाने क्रोमियमला षट्संयुजी अवस्थेत नेऊन क्रोमेट म्हणून विरघळवायचे, मग मागे राहिलेला मँगनीज डायऑक्साइड आणि लोहाचा सांगाडा ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक आम्लाने काढायचा. ब्रिटनमध्ये तर व्हॅनेडियमचा द्विसंयुजी आयन पिकोलिनिक आम्लाशी जोडून इतके तीव्र क्षपणकारक तयार केले गेले, की लोहाचे ऑक्साइड काही तासांत विरघळते.

या कामाचे यश मोजण्यासाठी धुण्यापूर्वीची क्रियाशीलता भागिले धुतल्यानंतरची क्रियाशीलता असा निर्दूषण गुणांक काढतात. गुणांक १० आला म्हणजे ९० टक्के दूषण निघाले, १०० आला म्हणजे ९९ टक्के. चालू अणुभट्टीत दहाच्या आसपासचा गुणांकही समाधानकारक मानतात, कारण तेथे धातू वाचवायचा असतो. शिवाय धुतलेल्या नळीवर नवे पटल वाढू लागले की पाण्यातला कोबाल्ट त्यात पुन्हा अडकतो, त्यामुळे एकदा धुतले म्हणजे कायमचे सुटलो असेही नाही. कायमची बंद झालेली अणुभट्टी मोडीत काढताना हा संयम सोडता येतो. बेल्जियममधील मोल येथे बीआर-३ अणुभट्टीचे तुकडे गंधकाम्लातील चतुःसंयुजी सिरियमने धुतले गेले; ते पटलासह खालच्या धातूचाही थर खाऊन काढते, आणि वापरले गेलेले सिरियम ओझोनने पुन्हा ताजे केले जाते.

प्रश्न : मी रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे. किरणोत्सर्ग नष्ट होत नसेल, तर हे सारे धुणे म्हणजे एका घरचा कचरा दुसऱ्या घरी टाकण्यासारखेच नाही का? — एक वाचक, सदाशिव पेठ

बाई, आक्षेप रास्त आहे, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तो रोज स्वतःला विचारावा अशा योग्यतेचा आहे. फरक पडतो तो घनफळात आणि ताब्यात. शेकडो मीटर नळ्यांवर पसरलेले कोबाल्ट-६० काही ड्रमभर रेझिनवर गोळा झाले, ते रेझिन सिमेंटमध्ये घट्ट करून जाड भिंतींआड ठेवले, तर पाच-सहा अर्धायुष्ये म्हणजे तीसेक वर्षे त्याच्यावर लक्ष ठेवणे शक्य आहे; नळ्यांवर ते तसेच राहिले असते तर दर दुरुस्तीत कोणाच्या तरी शरीराला त्याची किंमत मोजावी लागली असती. धुतल्यामुळे दूषण गोळा होत नसेल, उलट पसरत असेल, तर मात्र ते धुणे चुकीचेच.

असे पसरणे घडलेही आहे. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात ओस पडलेल्या दवाखान्यातून किरणोपचाराच्या यंत्राचा गाभा भंगारासाठी उचलला गेला. त्यात सुमारे ९३ ग्रॅम सीझियम क्लोराइड होते. निळसर चमकणारी ती पूड लोकांनी कौतुकाने घरोघरी वाटली, चौघांचा मृत्यू झाला, एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली आणि सफाईअंती सुमारे ३,५०० घनमीटर कचरा गोळा झाला. मूठभर पुडीचा हा विस्तार पाहिला, की धुण्याच्या पाण्याचा हिशेब धुण्याआधीच का मांडावा लागतो ते कळते.

चिलेटिंग द्रव्यांच्या बाबतीत आपला आक्षेप आणखी टोकदार होतो. कोबाल्टला सोडवून द्रावणात ठेवण्याचा जो गुण नळीत हवाहवासा वाटतो, तोच गुण कचऱ्याच्या खड्ड्यात नको असतो. अमेरिकेतील ओक रिज येथील पुरणभूमीतून कोबाल्ट-६० जमिनीतून दूरवर सरकत असल्याचे आणि त्यामागे सफाईत वापरलेले ईडीटीए असल्याचे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. साधा कोबाल्ट मातीच्या कणांना चिकटून जागीच राहिला असता. ईडीटीएच्या वेढ्यात तो पाण्याबरोबर वाहत गेला. ईडीटीए निसर्गात लवकर विघटितही होत नाही. माझे स्पष्ट मत असे, की जे द्रव्य काम झाल्यावर मोडता येत नाही, ते कितीही गुणकारी असले तरी दुसऱ्या पसंतीचे समजावे. जर्मनीत विकसित झालेली परमँगनिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची पद्धत मला त्याचसाठी अधिक पटते, कारण तिच्यात उरलेले ऑक्झॅलिक आम्ल हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड व पाणी यांत मोडून टाकता येते आणि रेझिनवर केवळ धातूच जमा होतात.

रुग्णालयांतही याच विचाराने आयोडीन-१३१ घेतलेल्या रुग्णांच्या खोल्यांचे सांडपाणी थेट गटारात न सोडता वेगळ्या टाक्यांत साठवतात. आठ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे ऐंशी दिवसांत त्याची क्रियाशीलता सुमारे हजाराव्या भागावर येते.

प्रश्न : काँक्रीट किंवा कौलांवर बसलेले दूषण धुऊन निघू शकते का? की तोडण्यावाचून उपाय नाही? — एक स्थापत्य अभियंता, निगडी

कोणते मूलद्रव्य आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे. अपघातांनंतर वस्तीत सापडणारे दूषण बहुतेक वेळा सीझियम-१३७ चे असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे आहे. वर ज्याची एवढी चर्चा झाली ते ईडीटीए येथे निरुपयोगी ठरते, कारण एकसंयुजी सीझियम चिलेटिंग द्रव्यांशी जवळजवळ बंधच करत नाही. सीझियमचे क्षार पाण्यात सहज विरघळतात, म्हणून गुळगुळीत रंगवलेल्या पत्र्यावरून ते साध्या पाण्यानेही बरेचसे जाते. अडचण येते ती चिकणमातीच्या खनिजांशी. अभ्रकाच्या कुळातील या खनिजांच्या थरांच्या कडांना सीझियमचा आयन असा बसतो, की तो सहसा सुटत नाही. कौले, विटा आणि काँक्रीटमधील काही घटक याच जातीचे असतात. फुकुशिमाच्या २०११ च्या अपघातानंतर छपरे व रस्ते दाबाच्या पाण्याने धुतले गेले, तेव्हा सच्छिद्र पृष्ठभागांवर त्याचा परिणाम मर्यादितच राहिला.

त्यावर रासायनिक तोड म्हणजे सीझियमच्या जागी त्याच्यासारखाच दुसरा आयन देणे. गोयानियात काँक्रीट, माती आणि छपरांसाठी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेली पोटॅशियमची तुरटी वापरली गेली; मेणाचा किंवा तेलाचा थर असलेल्या जमिनींवर आधी सेंद्रिय द्रावक, तर कृत्रिम फरशी आणि टंकलेखन यंत्रांवर आधी सोडियम हायड्रॉक्साइड, आणि मग तीच तुरटी. काही घरे तरीही पाडावीच लागली. अलीकडे जेलचा उपयोग वाढतो आहे : अमोनियम किंवा पोटॅशियमच्या द्रावणाने सीझियम छिद्रांतून सोडवायचा, बाळांच्या डायपरमध्ये असते त्या प्रकारच्या जलशोषक बहुवारिकाने तो वर ओढून घ्यायचा, आणि जेलमध्येच मिसळलेल्या शोषक कणांवर अडकवायचा, जेल निर्वात यंत्राने उचलले की धुण्याचे पाणी उरतच नाही. आपल्या क्षेत्राशी संबंधित म्हणून सांगतो, की ज्या खोल्यांत किरणोत्सर्गी द्रव हाताळायचे असतात तेथे सांधे नसलेली, भिंतीवर थोडी वर चढवलेली फरशी आणि इपॉक्सीचा लेप आधीच देणे हे नंतरच्या कोणत्याही रसायनापेक्षा स्वस्त पडते.

प्रश्न : अंगावर किंवा केसांवर असे काही पडले तर कशाने धुवावे? — एक वाचक, धायरी

आधी वरचे कपडे काळजीपूर्वक उतरवून पिशवीत बंद करावेत, कारण दूषणाचा मोठा भाग त्यांच्याबरोबरच जातो. मग कोमट पाणी आणि सौम्य साबण. वजरी, ब्रश, कढत पाणी यांपैकी काहीही नको, कारण त्वचा खरचटली की बाहेरचे द्रव्य आत जाण्याची वाट मोकळी होते. केसांना शाम्पू चालेल, पण कंडिशनर लावू नये. ते कणांना केसांशी बांधून ठेवते. वर सांगितलेली आम्ले आणि परमँगनेट पोलादासाठी आहेत, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझी लहान फाउंड्री आहे. भंगारात किरणोत्सर्गी धातू आला, तर तो आम्लाने धुऊन वापरता येईल का? — एक उद्योजक, भोसरी

नाही. दूषण केवळ पृष्ठभागावर आहे हे सिद्ध झाल्याशिवाय धुण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि भंगारातली खरी भीती पृष्ठभागाची नसून चुकून आलेल्या स्रोताची असते. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये एका विद्यापीठाने विकलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० भंगार दुकानांत फुटले आणि एकाचा मृत्यू झाला. तेथे धुण्याचे नव्हे, तर तुकडे शोधून वेचण्याचे काम करावे लागले. स्रोत भट्टीत गेला तर स्थिती आणखी बिघडते. कोबाल्ट लोहाशी एकजीव होऊन साऱ्या ओतकामात पसरतो, तर सीझियम उडून भट्टीच्या धुराच्या गाळणीतील धुळीत जातो. मेक्सिकोतील हुआरेझमध्ये १९८३-८४ मध्ये पहिला प्रकार घडला आणि किरणोत्सर्गी सळया बांधकामांत गेल्या. स्पेनमध्ये १९९८ मध्ये दुसरा घडला. फ्रान्समध्ये २००८ मध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला, आणि ती बटणे भारतातून गेलेल्या सुट्या भागांची होती. ओतलेल्या धातूच्या आत असलेले हे दूषण कोणतेही आम्ल काढू शकत नाही, कारण ते काढायचे तर धातूच पूर्ण विरघळवावा लागेल.

तीन पात्यांचे चिन्ह असलेले किंवा आकाराच्या मानाने अतिशय जड, शिशाने मढवलेले भांडे दिसल्यास ते कापू नये, उघडू नये आणि धुऊ तर मुळीच नये. माणसे दूर करावीत आणि पोलिसांमार्फत जिल्हा प्रशासनाला व अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावे. आपल्यासारख्या छोट्या कारखान्याला हातात धरायचे मोजणी यंत्रही परवडण्यासारखे असते. ते वजनकाट्यापाशी ठेवावे, कारण माल उतरण्यापूर्वी ट्रक तेथे तसाही उभा राहतो.